आई-बाबा, दोनशे किलोमीटरच्या राइडबद्दल

फोंडा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

चवथीला जेवताना सायकलच्या राइडचा विषय निघाला आणि आई ताटावरून उठून गेली, तेव्हापासून तो तसाच लोंबकळतो आहे. बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही आणि आई "तुला पटेल ते कर" म्हणून फोन दादाकडे देते. म्हणून सगळं लिहून कळवते. सावकाश वाचा, आणि दोघांनी मिळून वाचा.

आधी हे काय आहे ते सांगते, कारण आईला वाटतंय की ही शर्यत आहे. शर्यत नाही. यात पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. याला बीआरएम म्हणतात, आमची मंडळी नुसतं ब्रेव्हे म्हणतात. नियम पॅरिसच्या ओडॅक्स क्लबाचे, जगभर तेच चालतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. वाटेत कंट्रोल असतात, तिथे आपल्या कार्डावर शिक्का आणि वेळ घ्यायची, आणि तो कंट्रोल बंद व्हायच्या आत तिथे पोचायचं. हिशोब साधारण ताशी 15 किलोमीटरचा. बाबा, तुम्ही धारगळहून पेडण्याला शाळेत बावीस इंची सायकल दामटायचात, तेव्हा तुमचाही वेग एवढा सहज असेल. वेग जड नाही, दिवसभर टिकणं जड आहे.

जानेवारीतल्या राइडचा मार्ग असा. सकाळी 6 ला मिरामारहून सुटायचं. मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाट उतरून काणकोणची चावडी. तिथला कंट्रोल 70 किलोमीटरवर, 10.40 ला बंद होतो. तिथून त्याच वाटेने उलटं पणजीला यायचं, मांडवीच्या जुन्या पुलावरून पलीकडे (अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे), म्हापसा, कोलवाळ, धारगळ आणि पत्रादेवी. पत्रादेवीहून परत मिरामार. म्हणजे जाता-येता आपल्या घरावरूनच.

मार्गाच्या कागदावर पत्रादेवी वाचलं आणि माझं मन तिथेच बसलं. 15 ऑगस्टला बाबा आम्हा दोघांना घेऊन हुतात्मा स्मारकावर जायचे, दादा दांड्यावर आणि मी कॅरिअरवर. 1955 साली गोवामुक्तीसाठी सत्याग्रही कसे आले, गोळीबार कसा झाला, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी बाबांच्या तोंडून ऐकलं. काणकोणहून निघून त्या स्मारकापर्यंत, जवळजवळ आख्खा गोवा, एका दिवसात स्वतःच्या पायांनी यायचं, हे मला फार मोठं वाटतं. बँकेत दिवसभर बसून मान आखडते, घरी आल्यावर मुलांचे अभ्यास. सायकलवर पहाटे कुर्टीच्या रस्त्याला लागते तेव्हा मात्र मी पूर्ण मोकळी असते. आई, हे तुला मी कधी नीट सांगितलंच नव्हतं.

आता तुझ्या काळजीचं. तू म्हणतेस हायवेवर गाड्या कशा धावतात ते रोज पेपरात येतं. खरं आहे. म्हणूनच एकटीने जाण्यापेक्षा गटाने जावं असं मला वाटतं. पंधरा-वीस सायकली एका ओळीत असल्या की ट्रकवाल्याला लांबूनच दिसतात. पुढचा माणूस खड्डा दिसला की हात खाली करून बोटाने दाखवतो, मागचा ते बघून आपला हात खाली करतो, आणि इशारा शेवटच्या माणसापर्यंत जातो. मागून मोठी गाडी आली की सगळ्यात शेवटचा ओरडतो, तो आवाज पुढे सरकत जातो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला भरून आलं होतं, अनोळखी माणसं एकमेकांचे डोळे होऊन चालली होती.

पण गटाचाही धोका असतो, तो लपवत नाही. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं तर वारा कमी लागतो आणि ताकद वाचते, त्यामुळे सगळ्यांना तो मोह होतो. पुढच्याने अचानक ब्रेक लावला आणि माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं, तर पडते मी, तो नाही. म्हणून ज्यांची चालवण्याची सवय मला माहीत आहे अशा दोन मैत्रिणींच्याच मागे मी राहणार आहे. बाकीच्यांपासून अंतर ठेवून. करमल घाटात तर कुणाच्याच मागे नाही, वळणं आंधळी आहेत आणि कारवारकडचे ट्रक तिथे अंगावर येतात.

उन्हाचं बाबांनी विचारलं होतं. जानेवारीत सकाळ गार असते, पण परतताना, दुपारी मडगाव ते पणजी, तिथे खरी परीक्षा. आपल्याकडे हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, तेही वाईट. तेव्हा एका बाटलीत ओआरएस आणि दुसरीत मीठ घातलेलं सोलांचं (कोकमाचं) पाणी, शिवाय केळी आणि शेंगदाण्याची चिक्की. भूक लागायची वाट न बघता थोडं थोडं खात राहायचं. बाबांची बायपास झाली आहे म्हणून मी आपणहून स्ट्रेस टेस्ट करून घेतली, रिपोर्ट चांगला आहे. तो दादाला पाठवला आहे, त्याच्याकडून बघा.

खरा प्रश्न मला पडला होता तो वेगळाच. आमच्या गटातले बरेचजण 300 ला नाव घालताहेत. 200, 300, 400 आणि 600 अशा चारही राइड पुऱ्या केल्या की पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला पात्र होता येतं. ती 1200 किलोमीटरची, नव्वद तासांची, दर चार वर्षांनी होते, पुढची 2027 ला. त्यांचं स्वप्न आहे आणि मला त्यांचा आदर आहे. मलाही म्हणाले, "तुझा दम आहे, सरळ 300 टाक." दम असेलही. पण 300 ला वीस तास मिळतात. सकाळी निघालेलं माणूस मध्यरात्र उलटून गेली तरी रस्त्यावरच असतं. रात्री आपल्या रस्त्यांवर गुरं डांबरावर बसलेली असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. काळी म्हैस अंधारात दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, आणि सोळा तास सीटवर काढलेल्या माणसाला ती दिसली तरी हात ब्रेकवर वेळेत जाईलच असं नाही. 120 किलोमीटरनंतर माझे तळहात बधिर होतात, हे मला सरावात कळलं आहे. म्हणून 300 नाही. या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षाचं आत्ता बोलत नाही. आई, तू रात्रीची भीती घेऊन बसली होतीस ना, त्यात मी पूर्ण तुझ्या बाजूची आहे.

200 ला मात्र नाव घालते आहे. आठवड्याभरात पैसे भरायचे आहेत.

त्यातही एक गोष्ट ठरवली आहे आणि ती मैत्रिणींनाही सांगितली आहे. पत्रादेवीचा कंट्रोल संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बंद होतो. मी तिथे पाचच्या आत पोचले तरच पुढे जाणार. पाच वाजून गेले असतील, तर वेळ शिल्लक असली तरी तिथेच राइड सोडणार आणि दादाच्या गाडीतून घरी येणार. कारण तिथून मिरामारपर्यंतचा शेवटचा टप्पा अंधारात पडतो, आणि पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्ता सारखा वळवलेला असतो, धूळ असते, ऑफिस सुटल्याची गर्दी असते. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट सक्तीचं आहे, ते मी घेतलंच आहे. पण थकलेल्या अंगाने तिथून अंधारात चाचपडत जायचं नाही, हे माझं पक्कं आहे. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

बाबा, तुम्ही दादाला म्हणाला होतात की गाडी घेऊन दिवसभर तिच्या मागे राहा. तुमचा जीव मला कळतो, पण ते चालत नाही. वाटेत स्वतःच्या माणसांची मदत घेतली तर बाद करतात. पंक्चर झालं तर मलाच काढावं लागेल, ते मी शिकले आहे. मदत फक्त कंट्रोलवर घेता येते.

म्हणून माझी एक विनंती. त्या दिवशी दादाला सांगून चारच्या सुमारास दोघांनी पत्रादेवीला या. आईने पेज आणावी, पातळ आणि मीठ जरा जास्त घातलेली, बरोबर लिंबाचं लोणचं. गरम नको, पटकन पिता येईल अशी. बाबांनी खुर्ची आणावी, उभं राहू नये. घरासमोरून जाताना मी थांबणार नाही, हात करून पुढे जाईन, तेव्हा रस्त्यावर उभं राहून काही द्यायला जाऊ नका, भेट स्मारकापाशीच.

नाही यावंसं वाटलं तर तसंही कळवा, मला वाईट वाटणार नाही. पण पैसे भरायच्या आधी आईने एकदा माझ्याशी फोनवर बोलावं, दादाकडे फोन न देता.

बाबांचे डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, शनिवारी येताना आणते.

तुमची,
लेक