रंग मागाहून सांग

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझ्याकडची आतषबाजी ऐकून तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला नुसता आवाजच ना." मला दिसत नाही म्हणून तुझा गळा दाटला होता, ते कळलं मला. म्हणून हे पत्र. मी तो आवाज कसा ऐकतो, हे तुला सांगायचं राहूनच गेलंय.

आधी जमिनीवरून 'धप्प' असा बसका आवाज येतो. नळीच्या तळाशी भरलेल्या दारूने गोळा वर फेकला. मग दोन-तीन सेकंद काही नाही. आत वात जळत असते आणि मी श्वास रोखून उभा असतो. सगळ्यात जास्त मला हीच शांतता आवडते. मग 'ठो', आणि कधी त्याच्या मागोमाग तडतड. ते बारीक दाणे असतात, प्रत्येक दाणा वेगळा फुटतो, आणि ती तडतड खाली उतरत विरत जाते. शिट्टीच्या फटाक्यात दारू नळीत घट्ट दाबलेली असते. ती एकसारखी न जळता हिसक्या-हिसक्याने जळते, सेकंदाला हजारो वेळा, म्हणून सूर लागतो. नळी रिकामी होत जाते तसा तो सूर उतरतो. कधी लक्ष देऊन ऐक.

लांबचा बार नुसता घुमतो. त्यातले टोकदार आवाज वाटेतच हवेत विरतात, जाडे तेवढे इमारतींना वळसा घालून पोचतात. तुम्हाला उजेड आधी दिसतो आणि आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर या वेगाने मागून येतो. किलोमीटरभर लांबचा बार तुमच्यासाठी दोनदा होतो, तीन सेकंदांच्या अंतराने. माझ्यासाठी तो ऐकू येतो तेव्हाच फुटतो.

कानाशी वाजणारे मोठे फटाके मात्र मला खरंच नकोत. नंतर कितीतरी वेळ कानात गुंई राहते आणि तेवढा वेळ भिंत कुठे, माणूस कुठे, काही उमगत नाही.

रंगांचं म्हणशील, तर दारूत मिसळलेल्या स्ट्राँशियम धातूच्या क्षारांचा लाल आणि बेरियमच्या क्षारांचा हिरवा आवाजावरून ओळखता येत नाहीत. ते तुझ्याकडूनच हवेत. फक्त गोळा वर जात असताना बोलू नकोस गं, ती शांतता मोडते. सगळं विझलं की सांग. आणि रंगाबरोबर हेही सांग, की ठिणग्या किती वेळ टिकल्या, वाऱ्याने कुठे वाहत गेल्या.

पुढच्या सणाला येशील तेव्हा आपण गर्दीपासून लांब, मोकळ्यावर उभे राहू.

तुझा,
बाबा