ताई, आईला उठवलंत त्याबद्दल

ताई, तुमचा व्यायामाचा क्लास सुटला की सगळे आजी-आजोबा तुम्हाला घेरून उभे असतात, त्यामुळे बोलायचं राहूनच जातं, म्हणून आज लिहायलाच बसले.

आई बाथरूमच्या दारात पडली तेव्हा हाड मोडलं नाही, पण आम्ही सगळेच इतके घाबरलो की तिला उठूच देईनासे झालो. पाणी हातात, फोन हातात, तू बस गं मी आणते. काळजीपोटीच सगळं, पण सहा महिन्यांत ती घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागली, बेडपासून बाथरूमपर्यंत भिंतीवर तिच्या हातांचा मळकट पट्टा उमटला होता आणि तो रोज बघूनही मला काही कळलं नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी तिला खुर्चीत बसवून, हात छातीशी धरून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतंय ते बघितलंत. एकदाही नाही आलं. मग तिच्या शेजारी बसून हळूच विचारलंत, याआधी कधी पडला होतात का? "दोनदा," आई म्हणाली. मी तिथेच उभी होते ताई, आणि मला हे माहीतच नव्हतं. तेव्हा तुम्ही सांगितलंत की एकदा पडलेलं माणूस परत पडायची शक्यता दुप्पट होते, आणि भीतीने बसून राहिलं की पायातली ताकद जाते, म्हणजे आम्ही तिला जपत नव्हतो, अजून कमजोर करत होतो. वाईट वाटलं, पण बरं झालं स्पष्ट बोललात.

घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून 10 सेकंद उभं राहणं, हे ती आता घरी पण करते. पायपुसणी काढली, बाथरूममध्ये धरायला दांडा लावला, रात्रीचा छोटा दिवा लावला. तुमच्या सांगण्यावरून बीपी झोपून आणि उभं राहून असं दोन्ही तपासून घेतलं आणि डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू बंद केली, हे आमच्या डोक्यातच आलं नसतं.

सगळ्यात जास्त थँक्यू मात्र पडल्यावर उठायचं कसं ते शिकवलंत त्यासाठी. घाई नाही करायची, आधी कुठे लागलंय का बघायचं, मग कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, भक्कम पाय पुढे. सतरंजीवरून ती पहिल्यांदा स्वतःची स्वतः उठली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता, तुम्ही बघितलाच म्हणा. आता 30 सेकंदांत 9 वेळा उठते, तिच्या वयाला निदान 10 हवेत म्हणून हट्टाने मागे लागलीये.

मंगळवारी येतोच आहोत. आईने शेजारच्या आजींना पण तयार केलंय. त्या मागच्या महिन्यात पडल्या, पण घरी कोणाला बोलल्या नाहीयेत, फक्त आईला सांगितलंय. त्यांच्याशी पण जरा तसंच बाजूला बसून बोलाल का?