म्हैस विकू नको

सातारा,
२३ नोव्हेंबर

प्रिय दिग्या,

दिवाळीच्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, वाढदिवसाला तू केलेला फोनही घेतला नाही. रागावला असशील तर राग राहू दे, पण हे शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच 'पुरावा काय?' म्हणाला असतास आणि आपलं पुन्हा वाजलं असतं. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच.

आबांची डायरी सापडली. काळ्या ट्रंकेत, हिरव्या जर्सीखाली. हो, तीच जर्सी. पन्हाळ्याच्या सहलीला मागून नेलीस आणि कोपरापाशी भोक पाडून परत आणलीस, ती. भोक अजून आहे. डायरी एकाहत्तरच्या लढाईतली, पंजात मावेल एवढी, पेन्सिलीने लिहिलेली. बऱ्याच पानांवर एकेकच ओळ. 'चाललो.' 'पाऊस.' 'घरचं पत्र नाही.' १२ डिसेंबरचं पान तेवढं जरा भरलेलं आहे. तसंच्या तसं उतरवतो:

'काल गणपत गेला. जोत्यानं आज सांगितलं. मी मागं रेशनच्या गाडीवर होतो. बघायला मिळालं नाही. रात्री जेवलो नाही.'

बघायला मिळालं नाही, दिग्या. आणि आपण दोघं त्या ओसरीवर बसून किती वेळा ऐकलं! गणपतकाका आबांच्या मांडीवर गेले, पाणी मागितलं, आणि 'घरी सांग, म्हैस विकू नको' एवढं बोलून डोळे मिटले. आठवीत तू यावर निबंध लिहिलास, जिल्ह्यात पहिला आलास, मास्तरांनी तो सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवला आणि काकूंना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि तू माझ्याकडे बघत होतास, ते मला आज सकाळी झाल्यासारखं दिसतंय. म्हणून हे दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नाही.

आता अडचण ऐक. शाळा १६ डिसेंबरला आपल्या गावच्या फौजींचं प्रदर्शन भरवते आहे. पदकं, फोटो, पत्रं. हेडमास्तर घरी आले होते, डायरी बघून हरखले. म्हणाले, शेवटच्या पंधरा दिवसांची पानं मोठी करून भिंतीवर लावू, मुलं वाचतील. मी हो म्हणून बसलो. तोवर मी १२ तारखेचं पान वाचलंच नव्हतं. आणि उद्घाटन काकूंच्या हातून आहे.

पान द्यावं की ठेवून घ्यावं, या एका गोष्टीवर मी दोन महिने झोपलेलो नाही.

यात एका माणसाची मला सारखी आठवण होते, त्याचं तुला सांगायचंय. जूनमध्ये सई ऑफिसच्या कामाला ब्युनोस आयर्सला गेली होती. चित्रकलेच्या मास्तराची पोरगी, रविवारी संग्रहालयात गेली आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. 'बाबा, हे बघा', म्हणून फोन एका चित्राला भिडवला. उंचीला हातभरसुद्धा नाही, लांबीला त्याच्या अडीचपट. वर नुसतं आभाळ, खाली नदीकाठ, आणि मुंगीएवढी माणसं. कुणी तंबू ठोकतंय, कुणी मांस भाजतंय, घोडे बांधलेत. एकाचाही चेहरा नीट दिसत नाही, पण प्रत्येक जण कामात आहे. आबा सांगायचे तशीच छावणी. लढाई तासाभराची, बाकी सगळं चूल आणि चिखल.

चित्रकाराचं नाव कांदिदो लोपेस. जन्म १८४० चा. धंदा फोटो काढायचा, गावोगाव फिरून लोकांचे चेहरे टिपायचा. १८६५ साली अर्जेंटिना, ब्राझील आणि उरुग्वे मिळून पॅराग्वेविरुद्ध युद्धात उतरले तेव्हा हा सान निकोलासच्या स्वयंसेवकांच्या पलटणीत भरती झाला. जाईल तिथे वहीत पेन्सिलीने रेखाटायचा. २२ सप्टेंबर १८६६ ला कुरुपाइतीच्या खंदकावर हल्ला झाला. तो आधी १७ तारखेला व्हायचा होता, पावसाने लांबला, आणि तेवढ्या दिवसांत पॅराग्वेवाल्यांनी खंदक पुरा करून घेतला. शिड्या आणि खंदक बुजवायला काटक्यांच्या मोळ्या घेऊन ही माणसं तोफांच्या तोंडी गेली. हल्ला करणाऱ्यांचे चारेक हजार मेले-जखमी झाले, खंदकातले शंभरही नाहीत. लोपेसचा उजवा हात गोळ्याच्या तुकड्याने चेंदला आणि पुढे कापावा लागला.

मग त्याने डावा हात तयार केला. मी चार दिवस डाव्या हाताने नुसता तांब्या काढायचा प्रयत्न केला. काठ जुळत नाही रे. ओळ सुरू होते एकीकडे आणि पोचते भलतीकडे. या माणसाने डाव्या हाताने पन्नासच्या वर युद्धचित्रं काढली, १९०२ साली मरेपर्यंत काढत होता. बायको, डझनभर पोरं, पोटापाण्याचं बघून उरलेल्या वेळात. १८८५ मध्ये २९ चित्रांचं प्रदर्शन केलं, दोन वर्षांनी सरकारने चित्रं विकत घेतली. ती खरी असल्याचं पत्र कुणी दिलं माहीत आहे? मित्रे यांनी. म्हणजे कुरुपाइतीचा हल्ला ज्यांच्या हुकमाने झाला त्या सेनापतींनीच. तू पुराव्यावर एवढा बोलतोस, तर हे कुठल्या खान्यात टाकशील सांग.

पण माझं मन अडकलंय ते दुसऱ्या एका चित्रात. कुरुपाइतीची लढाई संपल्यानंतरचं. मैदानभर मुडदे, आणि पॅराग्वेचे सैनिक त्यांच्या अंगावरचे कपडे काढून घेताहेत. हे चित्र १८९३ चं, सत्तावीस वर्षांनंतरचं. मैदान तर शत्रूच्या ताब्यात राहिलं होतं आणि हा फुटका हात घेऊन मागे आलेला. त्याने ते पाहिलं कुठून? कुणीतरी सांगितलं असणार. कुणीतरी जोत्या त्यालाही भेटला असणार. पण चित्रात बघशील तर न पाहिलेली मैदानाची ही बाजू त्याने पाहिलेल्या बाजूइतकीच निगुतीने काढली आहे. एकेक मुडदा वेगळा. सगळे त्याच्याबरोबर जेवलेले.

डायरीचं तसं नसतं. डायरीला उद्याचं ठाऊक नसतं. त्याच युद्धात उरुग्वेचा कर्नल पायेहा रोज लिहायचा आणि ते मोंतेविदेओच्या वर्तमानपत्रात छापून यायचं. १८ जुलै १८६६ ला तो पडला आणि लिहिणं तिथेच थांबलं. त्याचं प्रेत वाहून नेणाऱ्या शिपायांचा फोटो आहे. तेव्हाच्या काचेवर हलणारं काही उमटत नसे, म्हणून त्या युद्धाच्या फोटोंत मेलेले असतात नाहीतर स्तब्ध उभे असलेले. सार्मिएन्तोंचा एकवीस वर्षांचा मुलगा तर कुरुपाइतीच्या सकाळी आईला वहीत लिहीत होता. दहा वाजलेत, मोठे गोळे पलटणीवर फुटताहेत, येतो, अशा अर्थाचं काहीतरी लिहून उठला आणि गेला तो गेलाच. बाप तेव्हा अमेरिकेत राजदूत होता, दोन वर्षांनी अर्जेंटिनाचा अध्यक्ष झाला. मला त्या मुलाच्या घड्याळाचं नवल वाटतं. मरणाच्या तोंडावर माणूस किती वाजले ते लिहितो. आबांनी रेशनची गाडी लिहिली.

पलीकडच्या, म्हणजे पॅराग्वेच्या शिपायाची डायरी काही माझ्या हाती लागली नाही. त्यांनी छावणीत 'काबिचुई' नावाचं वर्तमानपत्र काढलं होतं, १८६७ मध्ये. त्यांच्या भाषेत काबिचुई म्हणजे गांधीलमाशी. शिपायांनीच लाकडावर चित्रं कोरायची, आणि कागद संपला तेव्हा रानातल्या झाडाच्या तंतूंचा करून घ्यायचा. सई म्हणाली, बाबा, तुमच्या शाळेतल्या लिनोच्या ठशांसारखे दिसतात. खरंच तसे आहेत. रागाने कोरलेले.

आता तुझं ऐकतो. गोडसे भटजींवरून आपण तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री भांडलो होतो. वरसईचा माणूस सत्तावन्नच्या धामधुमीत झाशीत अडकला आणि ते सगळं लिहिलं १८८३ साली. तू म्हणालास, पंचवीस वर्षांनी लिहिलेलं ते गोष्ट असतं, साक्ष नसते. मी म्हणालो, भुकेने व्याकूळ झालेला माणूस काय विसरेल? वहिनींच्या मामांनी येऊन दिवा मालवला म्हणून थांबलो. मी अजून तिथेच आहे. लोपेसची वहीसुद्धा उजव्या हाताची आणि चित्रं डाव्या हाताची, पण मला दोन्ही एकाच माणसाची वाटतात. आबांची डायरी आणि आबांची गोष्टही.

पण हे म्हणून माझी सुटका होत नाही. लोपेसच्या चित्रामुळे कुणी काही केलं नाही. आबांच्या गोष्टीने काकूंनी म्हैस ठेवली. वीस वर्षांची बाई, पदरात दोन पोरं, दीर 'विक' म्हणून मागे लागलेले. नवऱ्याचा शब्द आहे म्हणून विकली नाही. त्या दुधावर पोरं शिकली. तो शब्द गणपतकाकांचा होता का? जोत्याने आणला का? की त्या घराची दशा बघून आबांनी स्वतः सांगितला? जोत्या जाऊन वीस वर्षं झाली. विचारू कुणाला?

गेल्या रविवारी डायरी पिशवीत घालून काकूंकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. त्या लोणी कढवत होत्या. मला बघून म्हणाल्या, 'बस, तुझ्या बापासारखाच दारात उभा राहतोस.' मग आपणहून तीच गोष्ट काढली. मांडी, पाणी, म्हैस. आबा दर डिसेंबरला येऊन सांगायचे, आता दोन वर्षं कुणी सांगत नाही, म्हणून त्याच मला सांगत होत्या. त्यात एक नवीन होतं: गणपतकाका म्हणाले, 'तिला आंबोण घाल'. आबांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं, तू ऐकलं होतंस का? नीट आठवून सांग. मी गप्प बसलो. निघताना त्यांनी तुपाची बरणी दिली. ती डायरीशेजारी ठेवलीय, अजून उघडली नाही.

हेडमास्तरांना पानं ५ तारखेपर्यंत हवी आहेत. एक पान गाळलं तर मधला आकडा दिसणारच, पोरं विचारतील. सगळीच नाही म्हटलं तर आबांचं काहीच भिंतीवर लागणार नाही, आणि बारक्या बारक्या पोरांच्या वडलांची पदकं लागतील.

वहिनींचा डोळा कसा आहे? चिन्मयला पुण्यात जागा मिळाली का? तुझ्या निवृत्तीच्या समारंभाला आलो नाही, त्याचं भेटल्यावर सांगतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचेन. डायरी आणतोय. तुझ्या निबंधाची वही जपून ठेवली असशील तर ती काढून ठेव. आंबोणाचं त्यात आहे का ते आधी बघू.

तुझा,
बंड्या