जॉर्जियाचा जन्म १९९१ चा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी वैद्यकीय शिक्षणावरच्या आपल्या पुरवणीत जॉर्जियाची ओळख '१९९१ साली उदयाला आलेला देश' अशी करून दिली आहे. माझी भाची जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एमबीबीएस करते आहे, म्हणून पुरवणी मी लक्षपूर्वक वाचली. फी, वसतिगृह, थंडी ही माहिती उपयोगाचीच आहे. पण आपली पोरं ऐन उमेदीची वर्षं जिथे काढणार, त्या देशाचा इतिहास एका चुकीच्या ओळीत उरकलेला पाहून मला फार वाईट वाटलं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आहे.

१९९१ मध्ये जॉर्जिया सोव्हिएत संघातून बाहेर पडून पुन्हा स्वतंत्र झाला. त्याआधी बाग्रातिओनी घराण्याने तिथे सुमारे हजार वर्षं राज्य केलं होतं. याच घराण्यातला दावीद चौथा १०८९ मध्ये गादीवर आला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि सेल्जुक तुर्कांच्या स्वाऱ्यांनी मुलूख उजाड झाला होता. १२ ऑगस्ट ११२१ रोजी दिदगोरीला त्याने त्यांची फौज मोडली. पुढच्याच वर्षी तिबिलिसी घेतलं. तिथे जवळपास चारशे वर्षं मुस्लिम अंमल होता. जिंकल्यावर त्याने तिथल्या मुसलमानांना संरक्षण दिलं, त्यांच्या वस्तीत डुकरं मारायला बंदी केली. हे त्या काळच्या मुस्लिम इतिहासकारांनीच लिहून ठेवलं आहे. त्याची पणती तामार ११८४ ते १२१३ स्वतःच्या अधिकारात राज्य करत होती. वडिलांनी हयातीतच तिला राज्याभिषेक केला होता.

या घराण्याचा शेवट मात्र नागपूरकरांनी नीट वाचावा. मंगोल, तैमूर आणि आपसातली भाऊबंदकी यांनी राज्याचे तुकडे झाले. पुढे राजा एरेक्ले दुसऱ्याने १७८३ मध्ये रशियाशी संरक्षणाचा तह केला. त्यात गादी घराण्याकडेच राहील असं वचन होतं. १७९५ मध्ये इराणच्या आगा महंमद खानाने तिबिलिसी जाळलं, तेव्हा रशियाची कुमक आलीच नाही. १८०० च्या अखेरीस एरेक्लेचा मुलगा गिओर्गी बारावा वारला आणि १८०१ मध्ये रशियाने राज्य गिळलं. आपल्याकडेही १८१६ ला तैनाती फौजेचा तह झाला, डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि १८५४ ला भोसल्यांचं राज्य खालसा! नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की तिकडे गादीला वारस असूनही ती गेली. गिओर्गीची विधवा राणी मरियम हिला रशियात न्यायला १८०३ मध्ये जनरल लाझारेव्ह वाड्यात आला, तेव्हा तिने त्याला कट्यारीने भोसकून ठार केलं. पुढे तिला रशियातल्या मठात कोंडण्यात आलं.

पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करावी आणि या घराण्याला निदान अर्धं पान द्यावं. त्यात काखेतीची (पूर्व जॉर्जियातलं राज्य) राणी केतेवान जरूर घ्यावी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून शाह अब्बासाच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून जीव घेतला गेला. पोर्तुगीज पाद्र्यांनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत सापडलेल्या हाडाची हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला जाऊन ते अवशेष जॉर्जियाच्या हवाली केले.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
महाल, नागपूर