दहापैकी सहा का मिळाले, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळू द्या

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

विषय : बी.ए. राज्यशास्त्राची क्रेडिट-रचना, प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकांची तपासणी

महोदय,
सविनय नमस्कार.

‘पक्षांतरबंदी कायद्याची चर्चा करा.’ राज्यशास्त्राच्या पदवी परीक्षेत वारंवार येणारा हा प्रश्न. समजा, तो दहा गुणांना आला. एका विद्यार्थिनीने चार पाने लिहिली. हरियाणातले आयाराम-गयाराम, १९८५ ची ५२वी घटनादुरुस्ती, दहावे परिशिष्ट, सगळे आले. शेवटी ठळक अक्षरांत आले, ‘पक्षाचे एक तृतीयांश सदस्य फुटले तर ते अपात्र ठरत नाहीत.’ दुसऱ्याने दीडच पान लिहिले. पण २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली, आता दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणालाच संरक्षण आहे, आणि ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नव्हे तर राजकीय पक्षाला आहे असे सांगितले, हे त्याने नेमके मांडले. आजच्या पद्धतीत पहिलीला साडेसहा आणि दुसऱ्याला पाच पडले तर कोणत्याही परीक्षकाला त्यात वावगे वाटणार नाही. वीस वर्षांपूर्वी रद्द झालेली तरतूद लिहूनही गुण कापले जात नाहीत, कारण कशाला किती गुण द्यायचे हे कुठे लिहिलेलेच नसते.

अभ्यासक्रम ठरवणे हे अभ्यास मंडळाचे आणि विद्या परिषदेचे काम आहे, परीक्षा घेणे विद्यापीठाचे. याची आम्हाला जाणीव आहे. तरीही हे पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण असे, की क्रेडिटची चौकट शासन निर्णयाने येते, प्राध्यापकांची पदे शासन भरते, आणि विद्यार्थ्यांना ज्या कार्यालयांत काम शिकायला पाठवायचे ती बहुतेक कार्यालये शासनाची आहेत.

आधी चौकटीबद्दल. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १७६ क्रेडिट (तासिकांवरून मोजले जाणारे श्रेयांक), म्हणजे सत्राला २२, असा हिशेब आला. मुख्य विषय, गौण विषय, खुले निवडक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्र प्रकल्प, अशा अनेक खणांत हे २२ वाटले जातात. पहिल्या वर्षी राज्यशास्त्राच्या वाट्याला सत्रात साधारण चार ते सहा क्रेडिट येतात, आणि तीही बऱ्याच ठिकाणी दोन-दोनच्या तुकड्यांत.

दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तासिका. त्यात पाश्चात्त्य राजकीय विचारवंत शिकवायचे ठरवले आणि प्लेटो, अॅरिस्टॉटल, मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक, रूसो, मिल, मार्क्स असे आठ जण घेतले, तर अंतर्गत चाचणी आणि सादरीकरणाच्या चार तासिका वगळून एकाच्या वाट्याला सव्वातीन तासिका उरतात. प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिल्या सत्रात तेवढ्याही मिळत नाहीत. सव्वातीन तासिकांत लॉकचे चरित्र, नैसर्गिक अवस्था, करार आणि मालमत्तेचा हक्क कसाबसा सांगून होतो. त्याच्या मूळ लिखाणातली दोन पाने वर्गात वाचणे, हॉब्जची नैसर्गिक अवस्था आणि लॉकची नैसर्गिक अवस्था यांतला फरक मुलांकडूनच काढून घेणे, हे राहून जाते. मग परीक्षेत ‘लॉकचा सामाजिक कराराचा सिद्धांत विशद करा’ याखेरीज दुसरे विचारताच येत नाही, आणि त्याचे उत्तर गाइडमध्ये तयार असते. तपासणीतला सैलपणा इथे सुरू होतो. जे शिकवायला वेळच मिळाला नाही, त्याचे गुण कुणी कापत नाही.

म्हणून पहिली मागणी. मुख्य विषयाचे गाभ्याचे पेपर चार क्रेडिटचे, ६० तासिकांचेच असावेत, त्यांचे दोन-दोनचे तुकडे करण्याची मुभा नसावी. राजकीय सिद्धांत, भारतीय संविधान व शासनव्यवहार, पाश्चात्त्य विचार, भारतीय विचार, तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध आणि लोकप्रशासन एवढे सात पेपर तरी या नियमात यावेत. त्यांतही सिद्धांत आणि संविधान पहिल्या दोन सत्रांत, विचारवंत त्यानंतर. सार्वभौमत्व, सत्ता, अधिमान्यता (सत्तेला लोकांनी दिलेली मान्यता) या संकल्पना हाताशी नसताना रूसो शिकवला, की ‘सामूहिक ईहा’ (सर्वांच्या हिताची सामूहिक इच्छा) हा शब्द पाठ होतो आणि अर्थ निसटतो. शिवाय अनेक ठिकाणी मूल्यशिक्षणाच्या पेपरातही उद्देशिका आणि मूलभूत हक्क असतात. राज्यशास्त्र मुख्य विषय घेतलेल्या मुलांना तोच मजकूर दोनदा शिकवण्याऐवजी ते दोन क्रेडिट मूळ ग्रंथांच्या वाचनाला द्यावेत.

आता प्रश्नपत्रिका. ‘स्पष्ट करा’, ‘विशद करा’, ‘चर्चा करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’ ही क्रियापदे आपल्या प्रश्नपत्रिकांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. मुलांना हे पहिल्याच सत्रात उमगते. म्हणून कोणताही प्रश्न आला तरी ते प्रस्तावना, व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष, समारोप हा एकच साचा लिहितात. प्रत्येक क्रियापदाचा अर्थ ठरवून तो छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिला पाहिजे. ‘स्पष्ट करा’ म्हणजे संकल्पना आणि एक उदाहरण. ‘तुलना करा’ म्हणजे आधी निकष सांगायचे आणि प्रत्येक निकषावर दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. आधी एकाची माहिती आणि मग दुसऱ्याची, अशी दोन वेगळी टिपणे म्हणजे तुलना नव्हे. ‘चिकित्सक परीक्षण’ म्हणजे किमान एक आक्षेप, त्याला दिले जाणारे उत्तर आणि स्वतःचा सकारण निष्कर्ष.

प्रश्न काढणाऱ्याने प्रत्येक दीर्घोत्तरी प्रश्नासोबत गुणविभागणीही लिहून द्यावी, ती नसेल तर प्रश्नपत्रिका स्वीकारू नये. सुरुवातीच्या प्रश्नाचीच विभागणी करून दाखवतो. पार्श्वभूमी, ५२वी दुरुस्ती आणि दहावे परिशिष्ट याला दोन गुण. अपात्रतेच्या कारणांना तीन : स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडणे, पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मतदान करणे किंवा मतदानाला गैरहजर राहणे आणि पक्षाने ते १५ दिवसांत माफ न करणे, तसेच अपक्ष आणि नामनिर्देशित सदस्यांसाठीचे वेगळे नियम. फुटीची सवलत रद्द होणे आणि विलीनीकरणाची आजची अट, दोन गुण. अध्यक्षांचा अधिकार आणि त्यावरची न्यायालयीन तपासणी, म्हणजे १९९२ चा किहोतो होलोहान निकाल आणि २०२३ चा निकाल, याला दोन. कायद्याने पक्षशिस्त आणली की आमदाराचा विवेक बांधला, यावरच्या युक्तिवादाला एक. रद्द झालेली तरतूद लागू असल्यासारखी लिहिली तर तिसऱ्या भागाचे दोन्ही गुण गेले, मग पाने कितीही असोत. या मोजमापाने, न्यायालयीन निकाल आणि युक्तिवादही नसलेल्या चार पानांच्या उत्तराला फार तर पाच मिळतील. दीड पानवाल्याने अपात्रतेची कारणे लिहिलीच नसतील, तर त्याचेही तीन गुण जातील, आणि ते का गेले हे त्याला दिसेल.

गुणविभागणी आली की उत्तरे साच्यातली होतील, अशी भीती काही सहकारी बोलून दाखवतात. साचा आजही आहेच, तो गाइडचा आहे. विभागणीत युक्तिवादासाठी राखीव गुण ठेवले आणि अनपेक्षित पण सप्रमाण मुद्द्याला ते देण्याची मुभा परीक्षकाला दिली, तर ही भीती राहत नाही.

मराठी माध्यमाचा एक प्रश्न यातच गुंतलेला आहे. एकाच संकल्पनेला एका पुस्तकात अधिमान्यता म्हणतात, दुसऱ्यात वैधता. एकात धुरीणत्व, दुसऱ्यात वर्चस्व, तिसऱ्यात प्रभुत्व. विद्यार्थी एका पुस्तकातून शिकतो, परीक्षक दुसऱ्या पुस्तकातला असतो, आणि बरोबर उत्तरावर प्रश्नचिन्ह पडते. प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाला ४० ते ५० संज्ञांची यादी जोडावी, तीत ग्राह्य धरले जाणारे सगळे मराठी पर्याय असावेत, आणि तीच यादी प्रश्नपत्रिकेचा अनुवाद करणाऱ्याच्याही हातात असावी. खर्च जवळजवळ शून्य. भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आधाराला आहेच.

केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर काय होते ते साध्या हिशेबाने दिसते. सहा तासांत ६० उत्तरपत्रिका तपासल्या तर एकीला सहा मिनिटे मिळतात. पाच प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. एवढ्या वेळात वाचन होत नाही. मथळे, अधोरेखने आणि अक्षर पाहिले जाते, आणि हात आपोआप साडेपाच-सहाच्या आसपास जातो. अतिशय चांगल्या आणि अतिशय वाईट उत्तरांतले अंतर त्यामुळे पुसले जाते. तपासणी संगणकाच्या पडद्यावर नेली तरी हे बदलत नाही. मुंबई विद्यापीठात २०१७ साली घाईने लादलेल्या ऑनलाइन तपासणीने निकाल किती रखडले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. पडद्यामुळे उत्तरपत्रिकांची ने-आण आणि बेरजेच्या चुका वाचतात, त्यासाठी तो जरूर असावा. पण उत्तर वाचायला वेळ तेवढाच लागतो.

आमची सूचना अशी. तपासणी सुरू होण्याआधी अर्धा दिवस प्रमाणीकरणासाठी ठेवावा. दहा उत्तरपत्रिकांच्या प्रती सर्व परीक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासाव्यात, दहा गुणांच्या प्रश्नात दोनपेक्षा जास्त फरक पडला तिथे थांबून बोलावे, गुणविभागणीत लागेल ती दुरुस्ती करावी, आणि मगच गठ्ठे उघडावेत. एका परीक्षकाला दिवसाला ३० पेक्षा जास्त उत्तरपत्रिका देऊ नयेत. शक्य असेल तिथे एका परीक्षकाने सर्व उत्तरपत्रिकांतला एकच प्रश्न तपासावा, कारण मोजपट्टी त्याने स्थिर राहते. नियामकाने, म्हणजे परीक्षकांची तपासणी पडताळणाऱ्याने, वरवर निवडलेल्या पाच टक्के उत्तरपत्रिकांवर सही करून भागणार नाही; उत्तीर्णतेच्या रेषेच्या तीन गुण अलीकडच्या आणि ७० टक्क्यांच्या वरच्या सगळ्या त्याने पुन्हा पाहाव्यात. परीक्षक कमी पडतील हे खरे आहे. रिक्त पदे भरल्याशिवाय आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना तपासणीचे मानधन वेळेवर दिल्याशिवाय ते पुरणार नाहीत, आणि हा निर्णय आपल्या विभागाचा आहे.

अंतर्गत गुण कुठे ३०, कुठे ४० आहेत. ते बहुतेकांना जवळजवळ सारखेच मिळतात. १२० मुलांच्या वर्गात इंटरनेटवरून उतरवलेले १२० स्वाध्याय वाचणे अशक्य असते, आणि नोंद ठेवलेली नसल्याने कुणाला कमी गुण दिले तर ते सिद्ध करता येत नाही. इथे स्वाध्यायाऐवजी स्थानिक काम द्यावे. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा पहिल्या सत्रात येतात, २६ जानेवारीची दुसऱ्यात. विद्यार्थ्याने आपल्या गावच्या ग्रामसभेला बसावे आणि नोटीस किती दिवस आधी लागली, किती मतदार आले, गणपूर्ती झाली का, महिला किती बोलल्या, कोणता ठराव कसा मंजूर झाला याची दोन पानी नोंद करावी. ती कुणाची नक्कल करून लिहिता येत नाही. पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नांत ती तपासूनही होते.

प्रत्यक्ष कार्यानुभवाचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. वाणिज्यच्या मुलाला सनदी लेखापालाचे कार्यालय मिळते, विज्ञानच्या मुलीला प्रयोगशाळा. राज्यशास्त्राची मुले बहुधा कुठल्या तरी झेरॉक्स केंद्राचे किंवा ओळखीच्या दुकानाचे प्रमाणपत्र आणतात, कारण दुसरे कुणी दारात उभे करत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, तहसील कार्यालयाची निवडणूक शाखा, माहिती अधिकाराचे टेबल, या जागा त्यांच्या आहेत. आपण ग्रामविकास आणि नगरविकास विभागांसोबत एक संयुक्त परिपत्रक काढून प्रत्येक पंचायत समितीत सत्राला किमान पाच विद्यार्थी घेण्याचे बंधन घालावे. हे अभ्यास मंडळाला जमणारे नाही, आपल्यालाच जमेल.

राहिला निकाल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ८९ प्रमाणे निकाल ३० दिवसांत आणि काही झाले तरी ४५ दिवसांत लागायला हवा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये मान्य केला आहे. पण उत्तरपत्रिकेची प्रत हाती आली तरी तीत फक्त ‘६’ असा आकडा आणि एक बरोबरची खूण दिसते. तेवढ्यावरून पुनर्मूल्यांकन मागावे की नाही हे ठरवता येत नाही, आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल अनेकदा पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरून झाल्यावर येतो. ज्या मुलाला अनुत्तीर्ण ठरवले गेले तो तोवर शुल्क भरून तोच पेपर पुन्हा द्यायला बसलेला असतो. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका आणि निकालाच्या दिवशी तिची गुणविभागणी संकेतस्थळावर यावी, समासात प्रत्येक भागाचे गुण वेगळे लिहिलेले असावेत, आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षा अर्जाच्या अंतिम तारखेच्या किमान आठ दिवस आधी लागावा. तो लागला नाही तर त्या पेपरचे परीक्षा शुल्क विद्यापीठाने परत करावे.

राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. गावागावांतली मुले त्यासाठी हजारो रुपये भरून उत्तरलेखनाचे वर्ग लावत आहेत. हे लेखन बी.ए.च्या तीन वर्षांत शिकवायचे होते. येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्रापासून निदान गुणविभागणीची अट आणि प्रमाणीकरणाचा अर्धा दिवस, या दोन गोष्टी सर्व विद्यापीठांना लागू करण्याचे निर्देश आपण द्यावेत. नमुन्यादाखल सहा सत्रांच्या सर्व गाभ्याच्या पेपरांच्या गुणविभागण्या तयार करून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले,
पदवी वर्गांना राज्यशास्त्र शिकवणारे आणि त्याच्या उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक