चित्र दाखवा, पण अर्धे झाकून

महोदय,
भाषेच्या तासाला चित्रे वापरण्याची कल्पना जुनीच. कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये लॅटिन शिकवायला सचित्र पुस्तक काढले. चित्रातल्या वस्तूंना अंक आणि तेच अंक मजकुरातल्या शब्दांना! आपण मात्र अजून सफरचंदाचे चित्र आणि खाली ‘सफरचंद’ यातच अडकलो आहोत. त्यातून नामे पाठ होतात, वाक्य काही येत नाही. त्यापेक्षा गर्दीचे एखादे चित्र अर्धे झाकून विचारावे: हा माणूस का पळतोय? पुढे काय होईल? मग क्रियापदे, काळ, ‘कदाचित’, ‘बहुतेक’ आपसूक तोंडात येतात. चुकतात, चुकू द्यावे. ‘न्याय’ किंवा ‘उद्या’ चित्रात पकडण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. तिथे दोन-तीन उदाहरणेच बरी.

– एक भाषाशिक्षक