विक्रीचा आकडा आणि ऐकण्याचा आकडा एक नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील 'ईगल्स' हा अमेरिकी रॉक बँड आणि मायकल जॅक्सन यांच्या विक्रमांविषयीचा लेख ई-आवृत्तीत वाचला. लेखकाचा व्यासंग मान्य करूनही, 'ईगल्स'च्या 'देअर ग्रेटेस्ट हिट्स 1971–1975' या अल्बमच्या तीन कोटी ऐंशी लाख प्रती खपल्या, हे त्यांचे विधान मला तीव्रपणे खटकले. ऑगस्ट 2018 मध्ये 'आरआयएए' या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने हा अल्बम 38 पट प्लॅटिनम (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख) ठरवला आणि 33 पटींवरचा जॅक्सनचा 'थ्रिलर' मागे पडला, हे खरेच आहे. परंतु तो आकडा प्रतींचा नाही, 'युनिट'चा आहे. फेब्रुवारी 2016 पासून अख्खा अल्बम विकत घेणे, त्यातील दहा गाणी सुटी डाउनलोड करणे आणि त्यातील गाणी मिळून 1500 वेळा स्ट्रीम होणे (म्हणजे विकत न घेता इंटरनेटवरून ऐकली जाणे), या तिन्ही गोष्टी संघटनेच्या लेखी सारख्याच ठरतात.

याचा अर्थ असा, की एकच गाणे 1500 वेळा वाजले आणि बाकीच्या गाण्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, तरी अल्बमच्या खात्यात एक युनिट जमा होते. शिवाय सुट्या गाण्याच्या प्रमाणपत्रासाठी 150 स्ट्रीमचे एक युनिट धरत असल्यामुळे तेच 1500 स्ट्रीम तिकडे दहा युनिट म्हणून पुन्हा मोजले जातात. आधी कोणते गाणे, मग कोणते, याचा विचार करून कलावंत अल्बम बांधतो. त्या बांधणीला कोणी दाद दिली की नाही, हे या प्रमाणपत्रातून आता कळतच नाही.

जुनी पद्धत निर्दोष होती, असे माझे म्हणणे नाही. तेव्हाही दुकानांत पाठवलेला माल मोजला जाई. मात्र प्रकाशनानंतर 30 दिवस थांबून, परत आलेला माल वजा करून. डिजिटल अल्बमसाठी ही अट 2013 मध्ये काढून टाकली गेली आणि एका मोबाइल कंपनीने ग्राहकांना फुकट वाटण्यासाठी घेतलेल्या दहा लाख प्रतींच्या बळावर जे-झी या अमेरिकी रॅपरचा अल्बम प्रकाशनाच्या दिवशीच प्लॅटिनम झाला. त्या प्रती आपल्या खपाच्या यादीत धरण्यास 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकाने नकार दिला होता, याचा लेखात उल्लेख हवा होता.

परत आलेल्या मालाचा विषय माझ्या दृष्टीने नाजूक आहे. येथे अमेरिकेत एका ऑनलाइन दुकानातून मी 9.99 डॉलर मोजून अकरा गाण्यांचा एक अल्बम घेतला होता. फोन बदलल्यावर तो पुन्हा उतरवून घेऊ लागले, तेव्हा तिसऱ्या आणि सातव्या गाण्याची नावे करड्या रंगात दिसत होती. त्यांवर कितीही वेळा बोट दाबले तरी काही वाजत नव्हते. चौकशी केली असता उत्तर आले, की कंपनीने ती गाणी काढून घेतली आहेत आणि मी गाणी विकत घेतलेली नसून केवळ ऐकण्याचा परवाना घेतला आहे. पैसे परत मिळाले नाहीत. घेताना बटणावर 'खरेदी करा' असे लिहिले होते, पावतीवरही खरेदीच म्हटले होते आणि विक्रीच्या हिशेबात माझा अल्बम पूर्ण एक म्हणून धरला गेला. दुकानदार परत पाठवतो तो माल वजा होतो, पण ग्राहकाकडून काढून घेतलेला माल वजा करण्याची सोय या हिशेबात कोठेही नाही. माझ्या आईजवळच्या ध्वनिमुद्रिका पुण्याच्या घरी आजही जशाच्या तशा आहेत. त्यांतील एखादे गाणे परत न्यायला कोणी दारात उभे राहिलेले नाही.

आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. याच पुरवणीत नव्या मराठी अल्बमचे परीक्षण येत असे. ते सदर बंद करून आपण त्या जागी कोणत्या गाण्याला किती 'व्ह्यूज' मिळाले, याची चौकट छापू लागला आहात. त्या चौकटीत ना गीतकाराचे नाव असते, ना संगीतकाराचे, आणि गाणे कसे आहे याविषयी एक ओळही नसते. अमेरिकेतील संघटनेने मोजण्याचे नियम बदलले, ते तिच्या सदस्य कंपन्यांच्या सोयीचे आहेत. आपल्या वृत्तपत्राला तशी काही अडचण नाही.

कृपया पुढील रविवारी 'प्रती खपल्या' या शब्दांची दुरुस्ती छापावी, आणि परीक्षणाचे सदर पुन्हा सुरू करावे.

आपली नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी